जागा तुमचीच आहे

नोटीस इंग्रजीत होती. ऋजुताने ती जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "बाबा, हे तुम्ही लिहिलंय?"

ऋजुता माझी सून. तिने बोट ठेवलं होतं तिथे फोनच्या पडद्याचं चित्र छापलेलं होतं. तिच्या नव्या केंद्राचं फेसबुकवरचं पान. हेमांगी नावाच्या बाईंनी तिथे लिहिलं होतं, 'ताई, खूप खूप अभिनंदन. तुमच्याशिवाय इथे अजिबात करमत नाही.' आणि त्याखाली केंद्राच्या नावाने उत्तर होतं : 'मनःपूर्वक धन्यवाद. करमत नसेल, तर केव्हाही इकडे या. जागा तुमचीच आहे.'

वाक्य माझंच होतं, स्वल्पविरामासकट. पण ते मी हरिहर या माझ्या नावाने लिहिलंय अशी माझी समजूत होती.

"मी लिहिलंय," मी म्हणालो. "पण माझं नाव कुठे गेलं?"

ऋजुताने डोळे मिटून घेतले. माझा मुलगा सुश्रुत ताट बाजूला करत म्हणाला, "बाबा, तुम्ही पानावरून लिहिता. तिथे तुमचं नाव येत नाही. ते पानाचं, म्हणजे हिचं म्हणणं होतं. हिने सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं असेल. मला तेव्हा नीट ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल आणि समजलं नसेल. दोन्ही माझ्या बाबतीत शक्य आहे.

ऋजुता ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासते आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना यंत्रं बसवून देते. कल्याणच्या एका मोठ्या श्रवण केंद्रात तिने अनेक वर्षं काढली. माझ्या उजव्या कानाचं यंत्र तिथलंच. या वर्षी तिने ती नोकरी सोडली आणि ठाण्यात कोपरीला तळमजल्यावर स्वतःचं छोटं केंद्र सुरू केलं. पानावरचा मराठी मजकूर मी लिहावा हे तिनेच सुचवलं. मी विमा कंपनीतून निवृत्त झालेला माणूस. वाचन सोडून काही केलेलं नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही. घरी आमच्या जिन्यात शेजारी समोरून आले, तर मी किल्ली शोधत असल्यासारखं करतो. पण पानावर तसं नव्हतं. कोणी काही लिहिलं की उत्तराचा विचार करायला वेळ मिळे, शब्द बदलता येत, आणि कोणी माझ्या तोंडाकडे पाहत नसे. मला ते आवडू लागलं होतं. जो अभिनंदन करी त्याला मी एक निराळं, नेटकं वाक्य पाठवत असे.

हेमांगी कल्याणच्या केंद्रात बाहेरच्या टेबलावर बसायच्या. माझ्या यंत्रात सेल घालून द्यायच्या, त्यामुळे ओळख. त्यांना उत्तर लिहिताना मी आधी 'घर तुमचंच आहे' असं लिहिलं होतं. आपण म्हणतोच तसं. पण केंद्राला घर म्हणणं मला बरोबर वाटेना. 'वास्तू' फार जड झालं. 'गाळा' अगदीच रुक्ष. शेवटी 'जागा' लिहिलं आणि समाधान वाटलं.

"कल्याणच्या केंद्राच्या वकिलांनी जागेचं भाषांतर व्हेकन्सी केलंय," ऋजुता म्हणाली.

"जागा म्हणजे गाळा गं. आपण जागा भाड्याने घेतली म्हणतो ना."

"बाबा," सुश्रुत म्हणाला, "'जागा भरणे आहे' अशी जाहिरात तुम्ही कधी वाचली नाही?"

जन्मभर वाचल्या होत्या. दुसरा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. तो समोर उभा होता आणि मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

सुश्रुतने त्याच्या वकील मित्राला नोटीस आधीच पाठवली होती; आता त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. कल्याणची नोकरी धरताना ऋजुताने एका करारावर सही केली होती. सोडल्यावर वर्षभर तिथल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला तिने आपल्याकडे बोलवायचं नाही. प्रत्यक्ष नाही, फोनवर नाही, दुसऱ्याकरवी नाही, सोशल मीडियावर नाही. नवं काम सुरू केलं एवढं जाहीर करायला हरकत नव्हती. एखाद्याला उद्देशून 'ये' म्हणायला होती.

"पण कोणी आलेलंच नाही," मी म्हणालो. "नुसतं एक वाक्य आहे."

"काका, त्या बाईंनी राजीनामा दिलाय," फोनमधून आवाज आला. "कल्याणच्या वकिलांनीच मला सांगितलं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

कोणालाच माहीत नव्हतं. ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती पाहत होती.

"केदार सरांनी सरळ मागणी केलीये," वकील सांगत होता. केदार म्हणजे कल्याणच्या केंद्राचे मालक. "निकाल लागेपर्यंत ऋजुताने केंद्र बंद ठेवावं. कोर्ट तसं करेलच असं नाही. पण केलं तर कुलूप लावायला लागेल, आणि नव्या केंद्राला एकदा कुलूप लागलं की पेशंट फिरकत नाहीत. यातून सुटायचा सोपा मार्ग एकच. त्या हेमांगीबाईंनी लिहून द्यायचं, की मी माझ्या कारणाने नोकरी सोडली, मला कोणी बोलावलेलं नाही. मग नोटिशीत काही उरत नाही."

"मी लगेच फोन करते तिला," ऋजुता म्हणाली.

"अजिबात नाही. फोन नाही, मेसेज नाही, भेट तर नाहीच. तू तिला भेटलीस हे केदारला कळलं, तर तोच पुरावा होईल. आणि तिला कामावर घ्यायचा विचारही करू नकोस. घेतलंस की संपलं."

"मग विचारायचं कोणी?"

"मी जातो," मी म्हणालो.

दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी गाणं म्हणून दाखवतो म्हणालो होतो.

"दुसरं कोणी नसेल तर काका चालतील," वकील म्हणाला. "पण काका, फक्त विचारायचं. काही देऊ करायचं नाही. चहाला बोलावतो एवढंसुद्धा म्हणायचं नाही."

दारापर्यंत ऋजुता माझ्यामागे आली. "बाबा, गोड काही बोलू नका," ती म्हणाली. "प्लीज."

हेमांगींचं घर विठ्ठलवाडी स्टेशनपासून जवळ, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. रिक्षात बसून मी वाक्यं जुळवत होतो. नमस्कार, मी ऋजुताचा सासरा. एक गैरसमज झालेला दिसतो. आपण आपल्या कारणाने नोकरी सोडली असेल, तर तसं दोन ओळींत लिहून द्याल का? त्यांनी आपल्याच कारणाने सोडली असणार याबद्दल मला शंका नव्हती. माझ्या वाक्यावर कोणी नोकरी सोडेल असं मला वाटणं शक्यच नव्हतं. माझ्या वाक्यावर आजवर कोणी खिडकीसुद्धा बंद केलेली नाही.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. हेमांगींच्या सासूबाई, रखमाबाई. मी नाव सांगायच्या आधीच माझ्या कानातलं यंत्र पाहून त्या आत वळून म्हणाल्या, "अगो, कानवाल्या ताईंकडचे आले बघ. या या, बसा. चप्पल असू दे."

हेमांगी बाहेर आल्या. कल्याणला त्यांना मी नेहमी टेबलापलीकडे पाहिलेलं. इथे त्या फार तरुण दिसत होत्या.

"काका तुम्ही आलात? ताईंनी तुम्हाला कशाला त्रास दिला. मी येऊन गेले असते ना." आणि मग माझ्या उजव्या कानाकडे पाहून, "सेल बरोबर बसलाय ना? शिट्टी नाही ना मारत?"

"नाही, ठीक आहे."

"मी मुद्दाम फोन नाही केला ताईंना. म्हटलं, नवीन नवीन आहे, सेटअप चालू असेल. त्या बोलावतील तेव्हा जायचं."

हे ऐकून मी थांबायला हवं होतं. पण मी पाठ केलेलं वाक्य हातात धरून आलो होतो, आणि बोलायची वेळ आली की मला दुसरं काही ऐकू येत नाही. मी म्हणालो, "एक कागद हवा होता. दोन ओळी लिहून."

"देते ना. सान्वीच्या वहीतलं पान चालेल? ती क्लासला गेलीये." त्यांनी मुलीच्या दप्तरातून वही काढली, पान नीट दुमडून फाडलं आणि जमिनीवर बसून मांडीवर पाट घेतला. "सांगा. तुमचं मराठी एकदम पुस्तकासारखं आहे, ताई नेहमी बोलायच्या."

मी सांगितलं. 'मी माझ्या वैयक्तिक कारणाने नोकरीचा राजीनामा दिला आहे. मला त्यासाठी कोणीही बोलावलेले अथवा सुचवलेले नाही.' त्या पुटपुटत लिहीत होत्या. अक्षर गोल, शाळेतलं.

"'वैयक्तिक'ची वेलांटी पहिली ना?"

"पहिलीच."

त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि मग माझ्याकडे बघून एकदम हसल्या. ते हसू मला आजही नीट सांगता येत नाही. दोन माणसं एका गुपितात असली की हसतात तसं ते होतं.

"कळलं मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे केदार सरांना दाखवायला ना? ताई हुशार आहेत. नाही सांगणार मी कोणाला. विचारलं तर म्हणेन, कोणी नाय बोलावलं. माझी मीच गेलेले."

"म्हणजे," मी म्हणालो, "तुम्ही स्वतःच्या कारणानेच…"

"हो हो. तेच बोलायचं, लक्षात ठेवते." मग त्यांचा चेहरा थोडा पडला. "फक्त एक घोळ केला मी. तेव्हा मला माहीत नव्हतं लपवायचंय म्हणून. मी राजीनामा दिला ना, तेव्हा सर बोलले, कुठे जाणार तू, तुला कोण ठेवणार. मला राग आला. मी मोबाईल काढून त्यांना दाखवलं. म्हटलं, बघा, ताईंनी सगळ्यांसमोर लिहिलंय. जागा तुमचीच आहे. तुमचीच."

रखमाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आमाला पण वाचून दाखवलान."

"ताई मला अरे-तुरे करायच्या काका. चांगल्याच आहेत त्या, पण हेमांगी इकडे ये, हेमांगी फाईल आण, असं. आणि तिथे एकदम अहो-जाहो. 'तुमचीच आहे.' मी तीन-चार वेळा वाचलं. म्हटलं, म्हणजे मोठी पोस्ट असणार. टेबलावर नाही बसवणार. तिकडे त्या मला कान तपासायचं मशीन शिकवणार होत्याच."

मी त्यांना 'तुम्ही' लिहिलं होतं, कारण घराबाहेर मी सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणतो. मला रस्त्यावरच्या मांजरालासुद्धा अरे-तुरे करवत नाही असं सुश्रुत चिडवतो.

कागद माझ्या हातात होता. तो घेऊन मी उठलो असतो, तर कोपरीचं केंद्र वाचलं असतं. दार उघडं होतं. त्यांनी मला काहीही विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही. एवढ्यात रखमाबाई चहा, बशी आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या.

"तोंड गोड करा. पोरीला जागा दिलीत, उपकार झाले बघा. हिचा नवरा अंबरनाथला कंपनीत जातो, त्याची पाळी कधी हाये कधी नाय. तिकडे सर हिला दहा वर्षांत एक खुर्ची देईना पाठ टेकायची."

मी पेढा हातात घेतला. तो मऊ होता, आणि बोटांना चिकटत होता. मी म्हणालो, "ते मी लिहिलं होतं."

"काय?" हेमांगी म्हणाल्या.

"फेसबुकवरचं. ते ऋजुताने लिहिलेलं नाही. पानावर मीच लिहितो. माझं नाव येतं असं मला वाटलं होतं."

त्या म्हणाल्या, "असू दे ना. ताईंनी सांगितल्यावर लिहिलं असेल."

"नाही. तिला माहीतच नव्हतं. नोटीस आली तेव्हा कळलं."

"मग जागा?"

"जागा म्हणजे… मी केंद्राबद्दल म्हणत होतो. गाळ्याबद्दल. कधी त्या बाजूला आलात, तर या, आपलीच जागा आहे. अशा अर्थाने."

"मी कोपरीला कशाला येईन उगाच?"

मी म्हणालो, "तशी बोलायची पद्धत असते. घर तुमचंच आहे, म्हणतो ना आपण."

"आणि माणूस पेटी घेऊन राहायला आलं मग?" रखमाबाई म्हणाल्या. त्यांनी ते ओरडून म्हटलं नाही. खरोखरच विचारलं.

"तुमच्यात असेल पद्धत," हेमांगी म्हणाल्या. "ताई तशा नाहीत. ताई उगाच बोलत नाहीत. म्हणून तर. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी लाईक करून सोडून दिलं असतं." त्यांनी फोन उचलला, ते पान काढलं आणि ओळ पुन्हा वाचली. पूर्वी न दिसलेलं काही तिथे असावं अशी वाचली. "अहो-जाहोवरून कळायला पाहिजे होतं मला," त्या म्हणाल्या. "ताई कशाला मला तुम्ही म्हणतील."

मी पुढचंही सांगितलं. करार, ऋजुताला त्यांना भेटायची मनाई, केंद्र बंद करायची मागणी, आणि हे की ऋजुताने त्यांना कामावर घेतलं तर सगळंच संपेल. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांना दोनदा "काय?" विचारावं लागलं.

"म्हणजे वर्षभर नाही."

"नाही."

"आणि नंतर?"

माझ्या ओठांवर आलं होतं, की नंतर नक्की बघू. मी ते गिळलं. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

"इकडे कल्याणला आता मला घेणार नाहीत. सरांचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही, मी मोबाईल दाखवला तेव्हा." त्या उठल्या. मला वाटलं, आता त्या मला जायला सांगतील. त्यांनी हात पुढे केला. "तो कागद द्या."

मी दिला. त्या तो फाडतील अशी मी वाट पाहत होतो. त्यांनी तो एकदा वाचला, घडी घातली आणि पेढ्यांच्या बॉक्सखाली ठेवला.

"खोटं आहे ते," त्या म्हणाल्या. "पण ताईंसाठी देईन मी. ताईंनी माझ्या सान्वीचे कान तपासले होते ती लहान असताना, सरांना न सांगता. देईन मी. पण तुमच्या हातात नाही. ताईंना सांगा, कागद इथे आहे. त्यांनी स्वतः यायचं. इथे बसायचं, आणि 'हेमांगी, तुझ्यासाठी जागा नाही' असं त्यांच्या तोंडाने बोलायचं. मग घेऊन जायचं."

"तिला तुम्हाला भेटायची मनाई आहे. कोणी पाहिलं तर…"

"माहितीये. सांगितलंत की आत्ता."

रखमाबाई माझ्या चहाकडे पाहत होत्या. त्यावर साय धरली होती. मी बाहेरच्या सामाईक गॅलरीत गेलो. खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं. फोन उजव्या कानाला लावला की यंत्र कुरकुरतं, म्हणून मी डाव्या कानाला लावला.

"दिलं का लिहून?" ऋजुताने विचारलं. तिच्यामागे तपासणीच्या यंत्राचा टुंई टुंई आवाज येत होता. कोणीतरी पेशंट बसला होता.

"लिहिलंय. सही केलीये. पण कागद त्यांच्याकडेच आहे."

"का?"

"त्यांनी तुझ्यासाठीच नोकरी सोडली, ऋजुता. त्या ओळीवर विश्वास ठेवून. त्यांना वाटलं, तू लिहिलंयस. मी त्यांना सांगितलं, जागा नाही म्हणून."

"कागद घ्यायच्या आधी सांगितलंत?"

"हातात होता. तेव्हा सांगितलं."

टुंई टुंई थांबलं. तिने यंत्र बंद केलं असावं.

मी हेमांगींची अट सांगितली. एकही शब्द न बदलता, त्यांनी सांगितली तशी.

"मी तिथे आले आणि केदार सरांना कळलं, तर काय होईल माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"सगळं जाईल बाबा. मशीन, जागा, सगळं." 'जागा' म्हणताना ती जराशी अडखळली. "तुम्ही सांगा. येऊ का नको?"

असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. घरात टीव्ही कुठे ठेवायचा हेसुद्धा नाही. मी मागे वळून पाहिलं. दारातून हेमांगींची पाठ दिसत होती. त्या बॉक्सजवळ बसल्या होत्या आणि माझ्या बशीत तसाच राहिलेला पेढा रखमाबाई उचलत होत्या.

"ये," मी म्हणालो. आणि मग, तिला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणालो, "ऋजुता, तू ये."

तिने पेशंटला थोडं थांबायला सांगितलेलं मला ऐकू आलं. मग पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला.

"पत्ता?"

"पाठवतो लिहून."

"लिहू नका," ती म्हणाली. "तोंडी सांगा."

मी स्टेशनपासून सांगायला सुरुवात केली.